माझी तिन्ही पात्रं माझ्यासारखीच वागतात, मामाला भांडायला कसं लावू?

वडगावचा माग

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहतो. दिवसभर पॉवरलूमवर असतो आणि गेलं वर्षभर दर रविवारी चार चौकटींची एक चित्रपट्टी काढून गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर लावतो. पात्रं तीन. तम्मा, वय दहा. त्याची आक्का, घरचा हिशेब बघणारी. आणि मामा, टेम्पोवाला, मोठ्या मिशीचा. मामा भांडखोर हवा म्हणूनच त्याला आणला होता.

परवा आमच्याकडचे एक जुने विणकर फळ्यापुढं थांबले. वाचून झाल्यावर म्हणाले, "मामाला मिशी लावलायस खरं, बोलायलास तूच की रे."

घरी येऊन वही उघडली आणि पहिल्यापासून सगळ्या पट्ट्या बघितल्या. मामा पहिल्या चौकटीत तावातावानं येतो, दुसऱ्या चौकटीत बाह्या सारतो आणि चौथ्या चौकटीत "जाऊ दे" म्हणून निघून जातो. दर वेळी. तम्माही गप्प बसतो, आक्काही. मला त्या रात्री झोप आली नाही, कारण मी तसाच आहे. गेल्या पावसाळ्यात साडीवर डाग पडला म्हणून माझ्या मजुरीतून पैसे कापले. डाग माझ्या मागावरचा नव्हता. मी सही केली आणि बाहेर आलो. आईलासुद्धा सांगितलं नाही.

काढणाऱ्याचा स्वभाव पात्रांत उतरतोच का? तो अडवता येतो का? की एखादा खरा भांडखोर माणूस हेरून त्याच्यावरून मामा काढू?

निपाणीचे चित्रकला मास्तर (निवृत्त)

बाळ, दुसरा माणूस हेरू नकोस. मिशी, चालणं, टेम्पोच्या दारावर कोपर टेकायची लकब हे सगळं बाहेरून घे. राग बाहेरून घेता येत नाही.

चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही चित्रपट्टी ऑक्टोबर 1950 ला सुरू झाली आणि फेब्रुवारी 2000 पर्यंत चालली. एकूण 17,897 पट्ट्या, सगळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं काढल्या. त्यातला कायम हरणारा मुलगा चार्ली ब्राउन आणि त्याचा मित्र लायनस, ही नावं त्यांनी सहकाऱ्यांची घेतली, स्वभाव मात्र स्वतःचा घातला. शुल्झ यांचे वडील न्हावी होते, चार्ली ब्राउनचे वडीलही न्हावीच. तरुणपणी एका लाल केसांच्या मुलीनं त्यांना लग्नाला नकार दिला. पुढं चार्ली ब्राउन लाल केसांच्या एका मुलीकडं लांबूनच बघत राहिला, आणि पट्टीत तिचा चेहरा वाचकांना कधी दिसला नाही.

आता तुझ्या कामाचं. त्याच पट्टीत लूसी नावाची जी तिरसट मुलगी आहे, ती तोडून बोलणारी, तीही शुल्झ यांच्यातलीच. बोचरं बोलायची जी ताकद आपल्यात आहे तीच लूसी, असं ते सांगत. म्हणजे एकाच माणसातला हरणारा एका पात्राला दिला आणि टोचणारा दुसऱ्याला. तू अजून वाटणीच केलेली नाहीस. तिघांनाही एकच वाटा देऊन बसलायस.

सही करून बाहेर पडलास ना, त्या दिवशी घरी येईपर्यंत मनातल्या मनात काय काय बोललास ते आठव. एकही शब्द सौम्य न करता वहीत उतरव. ते मामाचं बोलणं.

खानापूरची बाई

मास्तरांचं पटतं, पण मला गप्प पात्रांची बाजू मांडायची आहे. गप्प बसणं हा दोष धरून तुम्ही ते खोडून टाकाल, याची मला काळजी वाटते.

आर. के. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे. सुरुवातीला ते व्यंगचित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी वेगवेगळी माणसं काढत. रोज वेळेत चित्र द्यायचं, तेवढी गर्दी काढायला वेळ पुरेना. एकेकाला गाळत शेवटी उरला तो चौकड्याच्या कोटातला, धोतर नेसलेला कॉमन मॅन. तो कधी बोलला नाही. काढणारा मात्र परखड! माझ्या मते लक्ष्मण यांनी त्याला आपली जीभ दिलीच नाही, डोळे दिले. मंत्री बडबडतोय आणि हा कोपऱ्यातून भुवया वर करून बघतोय. सगळं तिथंच कळतं.

तेव्हा असं बघा. तुमचा तम्मा भीतीनं गप्प असेल. आक्का गप्प असेल कारण ती मनात पैसे मोजतेय. मामा गप्प झाला तर तो अपमान गिळून. ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही बहुतेक तिघांचे खांदे सारखेच पाडता. आधी खांदे बदला.

चिकोडीहून

थोडंच लिहितो. हास्यचित्रकार शि. द. फडणीस आपल्याच भागातले. निपाणीजवळच्या भोजचा जन्म, 1925 चा. 1952 मधलं त्यांचं 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ आठवा : मुलाच्या शर्टावर मांजरं, मुलीच्या साडीवर उंदीर. शब्द एकही नाही. आमच्या शेजारच्या कन्नड आजींना मी ते दाखवलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. त्यांना मराठी वाचता येत नाही. तुमच्या गल्लीतही दोन्ही भाषांची माणसं फळ्यापुढं थांबत असतील. मामाचं भांडण शब्दांशिवाय कळतंय का, हे एकदा करून बघा.

वडगावचा माग

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं लिहायला बसलो. दोन पानं भरली. हात थरथरत होता. त्यातली बरीचशी वाक्यं फळ्यावर लावण्यासारखी नाहीत, पण एक ठेवलंय.

पट्टी अशी झालीय. पहिल्या चौकटीत कारखान्याच्या दारात मामाचा टेम्पो, साड्यांचे गठ्ठे भरायचे आहेत. दुसऱ्या चौकटीत तम्माच्या बापाचे पैसे कापलेले मामाला कळतात. तिसऱ्या चौकटीत मामा काहीच बोलत नाही, नुसता बघतो. बाईंनी सांगितल्याप्रमाणं खांदे ताठ ठेवले, ते चार वेळा खोडून जमले. चौथ्या चौकटीत टेम्पोची किल्ली खिशात टाकून तो उंबऱ्यावर बसलाय आणि म्हणतोय, "डाग कुणाच्या मागावरचा, ते बघू. मग गठ्ठे."

सकाळी ते जुने विणकर आले. वाचलं आणि मला विचारलं, "किती कापले होते रे तुझे?" मी आकडा सांगितला. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितला.

चिकोडीकर, शेवटचं वाक्य काढून बघितलं. किल्ली आणि उंबरा एवढ्यावर कळतंय असं मला वाटतं, तरी पुढच्या रविवारी तशी एक लावून समोरच्या कन्नड काकांना विचारतो.

आक्का अजून जमलेली नाही. ती पैसे बोटांवर मोजते की वहीत, हे मी आजवर ठरवलंच नव्हतं. आई बोटांच्या पेरांवर मोजते, ओठ न हलवता. आज रात्री तिच्या समोर बसून तिचे हात काढणार आहे.