ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा, कामगारांचा सरकारी आजारपण विमा) हक्क सांगणं मालकाचं काम आहे की नाही?

रबाळे_पेरोल: टीटीसीत (नवी मुंबईचा औद्योगिक पट्टा) माणूस कामाला लागला की आधार, पासबुक घेऊन ईएसआय नंबर काढतात. तो कशाला, हे कुणी सांगत नाही. १८,००० पगारातून महिन्याला १३५ कापले जातात, मालक ५८५ भरतो, आणि तापाने पडलेला आठवडा बिनपगारी जातो. खरं तर आजारपणात ईएसआयकडून दिवसाला साधारण ४२० मिळायला हवेत (पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत). नेमणूकपत्रासोबत मराठी-हिंदीत एक पान द्या, सही घ्या.

महापे_कारखानदार: सगळं मालकाच्याच गळ्यात! हप्ता १५ तारखेच्या आत भरतो, नंबर देतो. रील बघायला वेळ आहे, ईएसआयची माहिती देणारं सरकारी उमंग ॲप उघडायला नाही? आणि ९१ दिवस कळले की गणपतीला गावाहून सर्टिफिकेटं येतील.

रबाळे_पेरोल: गावच्या डॉक्टरच्या कागदावर सहजासहजी पैसे सुटत नाहीत, ईएसआय दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. यात अडकतो तो खरा आजारी. दिवा स्टेशनजवळ राहणारा माणूस टायफॉइडमध्ये घराजवळ खाजगीत जातो, दहा दिवसांनी कागद आणतो आणि ईएसआयचं शाखा कार्यालय शंका काढतं. पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखाना गाठायचा, एवढं पानावर असलं तरी पुष्कळ. पहिले दोन दिवस पैसे नाहीत (१५ दिवसांत पुन्हा पडला तर ही अट नाही). दुकाने कायद्यातल्या आठ किरकोळ रजा असतील तर त्या तिथे टाकाव्यात.

महापे_कारखानदार: एप्रिलमध्ये लागलेल्याला आजारपणाचे रोख पैसे मिळणार थेट जानेवारीत. तोवर शिव्या मी खायच्या?

रबाळे_पेरोल: तेही लिहा. औषधोपचार पहिल्या दिवसापासून आहेत, हेही लिहा.

ऐरोली_फॅसिलिटी: हाऊसकीपिंगची गोष्टच वेगळी. कंत्राटदार बदलला की नवा नंबर निघतो, मागचे दिवस तुटतात, आजारपणाच्या पैशांसाठी सहामाहीत लागणारे हप्त्याचे ७८ दिवस भरत नाहीत. पानावर पहिली ओळ हीच हवी: जुना नंबर असेल तर सांगा.

महापे_कारखानदार: कंत्राटदाराच्या माणसांनाही मीच पानं वाटू? त्याच्याकडून हप्ता भरल्याचं चलन घेतो, तेवढं पुरे.

ऐरोली_फॅसिलिटी: कंत्राटदाराने बुडवलं तर हप्त्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. चलनावर फक्त रक्कम बघू नका, सोबतच्या यादीत दिवस किती दाखवलेत ते बघा. महिन्याला १२ दाखवले तर सहा महिन्यांचे ७२ होतात.