एक किलोमीटरच्या कामाला गाडी काढायची नाही: आमच्या गल्लीचा प्रयोग, तुमचं मत हवंय

कोथरूडकरीण

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या चार सोसायट्यांनी मिळून ठरवलं: एक किलोमीटरच्या आतलं काम पायी, तीनच्या आतलं सायकलवर. दूध, भाजी, इस्त्री, औषधं, बँक, शाळा, सगळं यात आलं. सक्ती नाही, दंडही नाही.

जिन्याखाली धूळ खात पडलेल्या अकरा सायकली बाहेर काढल्या. एका रविवारी सायकलवाल्या काकांना बोलावून ब्रेक, चेन, ट्यूब सगळं करून घेतलं. त्यातल्या दोन सायकली सगळ्यांसाठी. किल्ली वॉचमनकडे असते. वहीत नाव लिहायचं, सायकल न्यायची, आणून लावायची.

सगळ्यात छान जमलं ते शाळेचं. नऊ मुलं एकत्र चालत जातात, दोन पालक आळीपाळीने सोबत असतात, एक पुढे आणि एक मागे. एक सुती दोरी आहे, तिला नऊ गाठी मारल्यात आणि प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली आहे. सगळ्यात धाकटी पहिलीतली आहे, तिची पिवळी. पहिल्या आठवड्यात ती रडायची. आता सुट्टीच्या दिवशीही दोरी मागते. पूर्वी या नऊ मुलांसाठी सात दुचाकी आणि दोन चारचाकी शाळेच्या दारात उभ्या राहायच्या.

माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे, डबा कॅरिअरला लावून. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते अशा लोकांमुळे. हे परत होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं, आणि सुरुवात गल्लीतूनच होईल.

सातारारोडवाला

ताई, तुमचं कौतुक आहे, पण मी विरोधात लिहितोय, आणि अनुभवाने लिहितोय.

२००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली. सोबत सायकल ट्रॅक आखले, म्हणून मी सायकल घेतली. धनकवडीहून स्वारगेटला ऑफिसला जायचो. ट्रॅकवर कुठे रसवंती, कुठे विजेची डीपी, कुठे कायमची लावलेली टेम्पो. दर शंभर पावलांवर खाली उतरा, मुख्य रस्त्यावर या, परत चढा. एके दिवशी त्या ट्रॅकवरच समोरून उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीने उडवलं. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. सायकल विकून टाकली.

म्हणून सांगतो, रस्ता सुरक्षित नसताना लोकांना ‘सायकल चालवा’ म्हणणाऱ्या मोहिमा मला पटत नाहीत. आपल्या शब्दावर कुणी बाहेर पडलं आणि काही झालं तर जबाबदार कोण? आधी रस्ता करा, माणसं आपोआप येतील. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मी तिला सायकल देणार नाही.

लक्ष्मीरोड

माझं कापडाचं दुकान आहे, तिसरी पिढी. २०२१ पासून दर ११ डिसेंबरला महापालिका आमच्या लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करते, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. माणसं फिरायला येतात, फोटो काढतात, पोरं रस्त्यावर खेळतात. बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण लग्नाचा बस्ता काढायला हडपसरहून आलेलं कुटुंब दहा पिशव्या घेऊन कुठवर चालणार? गिऱ्हाईक दारात उतरलं तर आमचं घर चालतं. असल्या कार्यक्रमांना माझा विरोध नाही, रोजची सवय करायला आहे.

कोथरूडकरीण

काका, बस्त्याचं मान्य, त्यासाठी मी तरी चालत जा म्हणणार नाही. पण तुमच्याकडे अस्तर, फॉल, ब्लाउजपीस घ्यायला येणाऱ्या आम्ही बायका गाडी लावायला जागा शोधत दोन फेऱ्या मारतो आणि तशाच परत जातो. २०२४ च्या सप्टेंबरात मंडई स्टेशन सुरू झाल्यापासून मी मेट्रोनेच येते आणि निवांत चार दुकानं हिंडते. चालणाऱ्या गिऱ्हाइकालाच पुढचं दुकान दिसतं.

औंधकर

आमच्याकडे आणि विद्यापीठात २०१७ च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली आल्या होत्या. मोबाइलवर कुलूप उघडायचं, अर्ध्या तासाला नाममात्र भाडं. विद्यार्थ्यांनी भरपूर वापरल्या. मग मोडतोड, चोरी सुरू झाली आणि हळूहळू सायकली दिसेनाशा झाल्या. ताईंची वही टिकेल असं मला वाटतं, कारण सायकल कुणी नेली हे गल्लीला माहीत असतं.

सातारारोडवाले दादा, रस्ता आधी हवा हे खरंच. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, बसायला बाकं केली, तेव्हा आधी ओरड झाली. आज तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले असतात. पण तो रस्ता व्हायला मागणारी माणसं लागतात, आणि गाडीतून जाणारा फुटपाथ कशाला मागेल?

सुतारदरा

मी पहिल्यांदाच लिहितेय.

माझी आई सुतारदऱ्यातून, म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरच्या वस्तीतून, खाली मयूर कॉलनीत घरकामाला जाते. पाच घरं. रोज पायी, तेवीस वर्षं झाली. तिला कुणी चालायला प्रोत्साहन दिलेलं नाही, रिक्षा परवडत नाही म्हणून ती चालते. पावसाळ्यात उतारावर पाणी लोंढ्यासारखं येतं तेव्हा ती चपला हातात घेते. खाली आल्यावर फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, त्यातल्या काही तिच्याच कामाच्या घरांतल्या. गेल्या दिवाळीच्या आधी उखडलेल्या ब्लॉकमध्ये पाय मुरगळून पडली. पंधरा दिवस घरी होती, दोन घरांची कामं गेली.

तुमच्या मोहिमा गाडी असलेल्यांना खाली उतरवायला आहेत. चांगलंच आहे. पण जे आधीपासून चालताहेत त्यांना कुणी विचारलं का?

सातारारोडवाला

ताई, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अडथळा नसलेला फुटपाथ हा पादचाऱ्याचा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही. महापालिकेचं पादचारी धोरणसुद्धा २०१६ चं आहे. कागद सगळे आहेत.

कोथरूडकरीण

सुतारदऱ्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं काल रात्री मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. नाही विचारलं आम्ही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मी सायकलच्या वहीबद्दलही सांगितलं नव्हतं, आणि ती वही त्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली आहे. हे चुकलंच.

दोन गोष्टी ठरल्या. आमच्या चारही सोसायट्यांच्या फुटपाथवर लागणाऱ्या गाड्या आत घ्यायच्या. बारा गाड्या आहेत, तिघांनी कबूल केलंय, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे, भांडण होणार आहे. आणि तुमच्या आईंच्या वाटेने आम्ही पाच जण चालणार, जिथे जिथे ब्लॉक उखडलाय, झाकण नाही, रस्ता ओलांडायला जागा नाही तिथे फोटो काढून, मोजून, एकत्र अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देणार. शाळेची दोरी मात्र चालूच राहील, त्यावर माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही.

शनिवारी सकाळी सातला सुतारदऱ्याच्या पायथ्याशी भेटायचं का?

सातारारोडवाला

मी येतो. मोजायची टेप माझ्याकडे आहे. सायकलबद्दलचं मत मात्र तेच.

सुतारदरा

सहाला या. सातला आई दुसऱ्या घरी पोचलेली असते.