होस्ट केलेल्या सोप सेवेपर्यंत ग्राहकाचा सर्व्हर पोहोचतो आहे, याची खात्री कशी करावी?

प्रश्न – सेवा_पुणे

नमस्कार. आमच्या छोट्या कंपनीने एका सहकारी बँकेसाठी खात्यांची पडताळणी करणारी सोप वेब सेवा (ठरावीक साच्याचे एक्सएमएल संदेश पाठवून वापरायची सेवा) तयार केली आहे. ती डब्ल्यूसीएफ या मायक्रोसॉफ्टच्या सेवा लिहिण्याच्या चौकटीत लिहिलेली असून एका डेटा सेंटरमधील विंडोज सर्व्हरवर आयआयएस या वेब सर्व्हरखाली होस्ट केलेली आहे. बँकेचे सॉफ्टवेअर जावामध्ये असून ते सांभाळणारी कंपनी वेगळी आहे. त्या कंपनीकडून आम्हाला 'एंडपॉइंटपर्यंत (म्हणजे सेवेच्या पत्त्यापर्यंत) पोहोचता येत नाही' एवढेच कळवले जाते. आमच्या कार्यालयातून सेवेच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि 'डब्ल्यूएसडीएल' ही अक्षरे जोडून ब्राउझरमध्ये उघडले, तर सेवेच्या वर्णनाची (तिच्या क्रिया, संदेशांचे साचे आणि पत्ता सांगणारी) फाइल व्यवस्थित दिसते. पिंग केले तर उत्तर येत नाही, आणि नेमके त्याच गोष्टीकडे बोट दाखवून समोरची मंडळी सर्व्हर बंद असल्याचे म्हणतात.

सेवा खरोखर पोहोचण्याजोगी आहे की नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा रीतीने तपासायचे असेल, तर कोणत्या क्रमाने काय पाहावे? बँकेचे खातेदार या पडताळणीवर अवलंबून आहेत, त्यामुळे चूक कोणाची यापेक्षा ती कोठे आहे हे लवकर कळणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

उत्तर – जावा_नाशिक

'पोहोचता येत नाही' या एका वाक्याखाली अनेक वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. म्हणून ईमेलमधील सारांशावर विसंबू नका आणि सर्वांत आधी त्यांच्या लॉगमधील मूळ ओळ जशीच्या तशी मागवून घ्या. जावाचा क्लायंट या बाबतीत पुरेसे स्पष्ट सांगतो. 'अननोन होस्ट' असे लिहून आले असेल, तर नावावरून आयपी पत्ताच मिळालेला नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल, तर समोरून नकार आलेला आहे, म्हणजे त्या पोर्टवर (सर्व्हरवरील सेवेच्या क्रमांकित दारावर) ऐकणारे कोणी नाही किंवा फायरवॉलने उघडपणे जोडणी नाकारली आहे. 'कनेक्ट टाइम्ड आउट' असेल, तर होकार किंवा नकार काहीच आलेले नाही, आणि अशा वेळी बहुधा वाटेतील एखादी फायरवॉल पॅकेट्स परस्पर टाकून देत असते. 'रीड टाइम्ड आउट' हे मात्र अगदी निराळे प्रकरण आहे. तेथे जोडणी झालेली असते, विनंतीही गेलेली असते, फक्त उत्तर ठरलेल्या वेळेत आलेले नसते. हे चौथे कारण असेल तर नेटवर्कवाल्यांना त्रास देण्यात काहीच अर्थ नाही, कारण शोध तुमच्या सेवेत किंवा तिच्यामागच्या डेटाबेसमध्ये घ्यावा लागेल.

पिंगचा मुद्दा लगेच निकालात काढता येईल. पिंग आयसीएमपी हा वेगळा प्रोटोकॉल वापरते, तुमची सेवा टीसीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर आहे, आणि कितीतरी डेटा सेंटरमध्ये आयसीएमपी मुद्दाम अडवलेले असते. पिंगला उत्तर आले तरी पोर्ट उघडे असल्याचे सिद्ध होत नाही आणि उत्तर आले नाही म्हणून ते बंद ठरत नाही. त्याऐवजी बँकेच्या सर्व्हरवरून, विंडोज असेल तर पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पोर्ट क्रमांकासह चालवायला सांगा, आणि लिनक्स असेल तर नेटकॅट वापरायला सांगा.

आता ब्राउझरच्या चाचणीबद्दल. वर्णनाची फाइल दिसली, यावरून तुमच्या संगणकावरून, तुमच्या नेटवर्कमधून आणि तुमच्या प्रॉक्सीमार्गे (विनंत्या पुढे नेणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमार्गे) केलेली एक 'गेट' विनंती आयआयएसपर्यंत पोहोचली एवढेच कळते. ती फाइल डब्ल्यूसीएफ स्वतः तयार करून देते आणि त्यासाठी तुमच्या पडताळणीच्या कोडची एक ओळही चालवावी लागत नाही. याच्या उलटही घडते: अनेक ठिकाणी उत्पादन सर्व्हरवर हे वर्णन सुरक्षेसाठी बंद ठेवलेले असते, तेथे ब्राउझरमध्ये काही दिसत नाही, आणि तरीही सेवा उत्तम चालू असते.

खरी चाचणी म्हणजे 'पोस्ट' पद्धतीने सोपचा लिफाफा (म्हणजे विनंतीचा एक्सएमएल संदेश) पाठवणे. कमांड लाइनवरील कर्ल या साधनाने ते सहज होते. एका फाइलमध्ये लिफाफा लिहून ठेवावा आणि तो योग्य हेडरसह (संदेशासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींसह) पाठवावा. येथे आवृत्तीचे भान ठेवावे लागते. सोप १.१ मध्ये कंटेंट-टाइप 'टेक्स्ट/एक्सएमएल' असतो आणि सोपअ‍ॅक्शन नावाचे, कोणती क्रिया हवी ते सांगणारे वेगळे हेडर लागते. सोप १.२ मध्ये तो 'अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' असतो आणि अ‍ॅक्शन त्याच हेडरमध्ये लिहिता येते. डब्ल्यूसीएफच्या बेसिक-एचटीटीपी बाइंडिंगला (संदेश देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीला) १.१ अपेक्षित असते, डब्ल्यूएस-एचटीटीपी बाइंडिंगला १.२. चुकीचे मिश्रण केले तर ४१५ हा प्रतिसाद येतो, आणि कोणता प्रकार आला व कोणता हवा होता हेही त्यातच लिहिलेले असते.

प्रतिसाद वाचताना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सोप १.१ च्या नियमाप्रमाणे फॉल्ट (सोपचा त्रुटी-संदेश) परत करताना एचटीटीपीचा ५०० हाच कोड द्यावा लागतो. म्हणून ५०० दिसताच सेवा बंद असल्याचे ठरवू नये. त्या ५०० च्या पोटात फॉल्टचा लिफाफा असेल, तर तुमची विनंती नाव, पोर्ट, टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) आणि आयआयएस हे सगळे टप्पे ओलांडून थेट सोपच्या इंजिनापर्यंत पोहोचल्याचा तो पक्का पुरावा आहे. उदाहरणार्थ, अ‍ॅक्शन चुकल्यास डब्ल्यूसीएफ 'कॉन्ट्रॅक्ट-फिल्टर मिसमॅच' असा फॉल्ट देते, आणि पोहोच तपासणाऱ्यासाठी ते यशस्वी उत्तर असते. याच कारणासाठी कर्लला 'फेल' हा पर्याय देऊ नका, कारण तो ४०० आणि त्यापुढील कोड आल्यावर प्रतिसादाचा मजकूर दाखवतच नाही आणि नेमका तोच मजकूर आपल्याला हवा असतो. याउलट ५०२, ५०३ किंवा ५०४ आले आणि सोबत साधे एचटीएमएलचे पान आले, तर बहुधा सेवेच्या पुढचा प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा) जिवंत आहे, पण त्याच्यामागची सेवा उत्तर देत नाही.

ही चाचणी बँकेच्याच सर्व्हरवरून आणि ज्या खात्याखाली त्यांचे सॉफ्टवेअर चालते त्याच खात्याने व्हायला हवी. तुमच्या टेबलावरून केलेली चाचणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी ती त्यांच्या वाटेबद्दल काहीच सांगत नाही.

उत्तर – नेटवर्क_ठाणे

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली टीएलएसची. ब्राउझरला चालणारे प्रमाणपत्र जावाला चालेलच असे नाही. सर्व्हरवर मधले प्रमाणपत्र (सर्व्हरचे प्रमाणपत्र मूळ प्राधिकरणाच्या प्रमाणपत्राशी जोडणारे) बसवलेले नसेल, तर विंडोजवरील ब्राउझर ते प्रमाणपत्रातील पत्त्यावरून स्वतः आणून घेतो आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. जावा तसे आपणहून करत नाही, त्यामुळे तेथे 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' अशी त्रुटी येते. हे पाहण्यासाठी ओपनएसएसएलमधील एस-क्लायंट वापरावे आणि त्याला सर्व्हरचे नाव अवश्य द्यावे, कारण एकाच आयपीवर अनेक संकेतस्थळे असतील तर नावाशिवाय भलतेच प्रमाणपत्र समोर येऊ शकते. बँकेकडे जावा ७ सारखी जुनी आवृत्ती असेल, तर तिच्या क्लायंटमध्ये टीएलएस १.२ उपलब्ध असूनही मुळात सुरू केलेले नसते, हेही तपासावे. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवल्या गेल्या असून अनेक सर्व्हर त्या आता स्वीकारत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रॉक्सीची. बँकेतील माणूस ब्राउझरमध्ये पाहतो तेव्हा त्याच्या लॉगिनची प्रॉक्सी वापरली जाते. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सेटिंग दिसत नाही, ते थेट बाहेर जाऊ पाहते आणि फायरवॉलवर अडते. शिवाय तुमच्या बाजूला ठरावीक आयपींनाच परवानगी असेल, तर बँकेचा बाहेर दिसणारा आयपी कोणता आहे हे लेखी मागून घ्या. त्यांच्या सर्व्हरवर आतून दिसणारा आयपी तुमच्या फायरवॉलला कधीच दिसणार नाही.

प्रतिक्रिया – सेवा_पुणे

दोघांचेही आभार. मूळ लॉग मागवला असता त्यात 'अननोन होस्ट' अशी त्रुटी मिळाली, परंतु तिच्यापुढे छापलेले नाव आम्ही दिलेल्या डोमेनचे नाही. ते आमच्या डेटा सेंटरमधील विंडोज सर्व्हरचे अंतर्गत नाव आहे. बँकेच्या सर्व्हरवरून आमच्या डोमेनवर कर्लने लिफाफा पाठवला, तेव्हा फॉल्टसह ५०० आले, म्हणजे वाट मोकळी आहे. मग त्यांच्या सॉफ्टवेअरकडे हे अंतर्गत नाव आले कोठून?

उत्तर – जावा_नाशिक

ते तुमच्या वर्णनाच्या फाइलमधूनच गेले आहे. ती फाइल पुन्हा उघडा आणि अगदी शेवटी सर्व्हिस नावाच्या भागात पोर्टखाली 'अ‍ॅड्रेस' या टॅगमध्ये 'लोकेशन' काय लिहिले आहे ते वाचा. आयआयएसमध्ये संकेतस्थळाच्या बाइंडिंगला (येथे: कोणत्या नावावर व पोर्टवर ऐकायचे या नोंदीला) होस्टनेम दिलेले नसेल, तर डब्ल्यूसीएफ त्या ठिकाणी सर्व्हरचे स्वतःचे नाव छापते. जावाची साधने त्या फाइलवरून क्लायंटचा कोड तयार करतात आणि वेगळे काही सांगितले नाही, तर प्रत्यक्ष विनंतीही त्याच पत्त्यावर पाठवतात. तुमचे डोमेन त्यांनी फक्त वर्णन वाचण्यापुरते वापरले.

याच फाइलच्या सुरुवातीला स्कीमा (संदेशांतील माहितीचे साचे) आयात करणाऱ्या ओळी असतात, त्यांतही अंतर्गत नाव असण्याची शक्यता दाट आहे. तसे असेल तर ब्राउझरमध्ये पहिली फाइल नीट दिसते, पण क्लायंट तयार करणारे साधन त्या आयातींपाशी अडखळते. डॉटनेट ४.५ पासून 'सिंगल-डब्ल्यूएसडीएल' हा पर्याय मिळतो आणि त्यात सगळ्या स्कीमा एकाच फाइलमध्ये येतात. बाहेरच्या लोकांना देण्यासाठी तोच अधिक सोयीचा आहे.

दुरुस्ती दोन्हीकडे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही आयआयएसमधील बाइंडिंगला होस्टनेम द्या किंवा विनंतीच्या हेडरवरून मेटाडेटाचा (म्हणजे वर्णनातील) पत्ता ठरवण्याची डब्ल्यूसीएफची सेटिंग चालू करा. बँकेकडील कंपनीने जावा क्लायंटच्या बाइंडिंग-प्रोव्हायडरमध्ये एंडपॉइंटचा पत्ता स्वतः निश्चित करावा आणि तो कॉन्फिगरेशनमधून वाचावा. चाचणीच्या सर्व्हरवरून उत्पादन सर्व्हरवर जाताना तसेही त्यांना हे करावेच लागेल.

उत्तर – बिलिंग_बर्लिन

मूळ अडचण सापडली हे उत्तम झाले, पण पुढची देखरेख कशी ठेवावी याबद्दल थोडे लिहितो, कारण 'पोहोचते' आणि 'काम करते' यांतील अंतर आम्हाला येथे रोज दिसते. युरोपीय आयोगाची व्हीआयईएस नावाची सार्वजनिक सोप सेवा आहे आणि तिच्या 'चेक-व्हॅट' या क्रियेने एखाद्या व्यवसायाचा व्हॅट क्रमांक वैध आहे का हे पाहता येते. ही माहिती आयोग स्वतःजवळ साठवत नाही, तर प्रत्येक सदस्य देशाच्या राष्ट्रीय यंत्रणेला विचारतो. त्यामुळे आयोगाचा एंडपॉइंट सुरळीत असतो, वर्णनाची फाइल उघडते, टीएलएसही होते, आणि तरी एखाद्या देशाबद्दल विचारल्यावर 'एमएस अनअव्हेलेबल' (सदस्य देश उपलब्ध नाही) असा फॉल्ट येतो, तर त्याच क्षणी दुसऱ्या देशाबद्दलचे उत्तर व्यवस्थित मिळते. केवळ पोर्ट किंवा वर्णन तपासणाऱ्या देखरेखीला यातले काहीच दिसणार नाही.

या सेवेची एक स्वतंत्र चाचणी आवृत्तीही आहे आणि तिची रचना मला फार आवडते. तेथे व्हॅट क्रमांक म्हणून १०० पाठवल्यास वैध असे उत्तर येते, २०० पाठवल्यास अवैध, आणि ३०१ पाठवल्यास सदस्य देश उपलब्ध नसल्याचा तोच फॉल्ट मुद्दाम दिला जातो. म्हणजे समोरची यंत्रणा बंद असताना आपले सॉफ्टवेअर कसे वागते, हे यंत्रणा बंद पडण्याची वाट न पाहता तपासता येते. तुमच्या सेवेतही बँकेसाठी असे काही राखीव क्रमांक ठेवता आले तर दोन्ही कंपन्यांचा पुष्कळ वेळ वाचेल.

प्रतिक्रिया – सेवा_पुणे

होस्टनेम दिल्यावर वर्णनातील पत्ता बरोबर येऊ लागला आणि बँकेकडील क्लायंट पुन्हा तयार केल्यानंतर पडताळणी सुरू झाली. राखीव क्रमांकांची सूचना आम्ही स्वीकारत आहोत. आता देखरेखीसाठी दर काही मिनिटांनी लिफाफा पाठवायचा विचार आहे. रात्री बराच वेळ कोणी सेवा वापरत नाही, मग पहिल्या विनंतीला खूप वेळ लागतो. त्यामुळे खोटी सूचना जाईल का?

उत्तर – जावा_नाशिक

आयआयएसचा अ‍ॅप्लिकेशन पूल (सेवा चालवणारी प्रक्रिया) मूळ सेटिंगप्रमाणे २० मिनिटे रिकामा राहिला की बंद होतो आणि पुढच्या विनंतीला तो नव्याने उभा राहतो. तुमची देखरेख त्याहून कमी अंतराने होत असेल, तर पूल जागा राहील आणि हा विलंब तुम्हाला दिसणारच नाही. परंतु देखरेखीवर पूल जागा ठेवण्याचे काम सोपवू नका. ती २० मिनिटांची मर्यादा शून्य करा आणि पूल नेहमी चालू ठेवण्याची सेटिंग द्या. देखरेखीच्या विनंतीत केवळ वाचणारी क्रिया वापरा, नोंद करणारी कधीही वापरू नका. आणि कर्लकडून जोडणीला, टीएलएसला आणि पहिल्या बाइटला लागलेला वेळ वेगवेगळा लिहून ठेवा, म्हणजे सेवा मंदावल्यास नेटवर्कवाल्यांना बोलवायचे की डेटाबेस पाहायचा, हे त्या नोंदीवरूनच ठरेल.