गाठी मोजत बसायचं की औषध द्यायचं?

रानफूल:
माझ्या धाकट्या भावाला एनएफ-१, म्हणजे न्युरोफायब्रोमॅटोसिस आहे. साधारण ३००० जन्मांमागे एकाला होणारा जनुकीय आजार. आमच्या घरात आधी कुणालाच नव्हता. वयात येताना त्वचेवर गाठी सुरू झाल्या, आता मानेपासून कमरेपर्यंत आहेत. दाढी करताना वस्तरा मानेवरच्या गाठीला लागतो, रक्त येतं. सलूनमध्ये जाणं त्याने कधीच सोडलं. आणि संशोधन काय, तर वर्षानुवर्षं गाठींचे फोटो काढा, मापं घ्या! आता गाठींवर लावायच्या औषधी जेलच्या चाचण्या चालू आहेत, तर त्यातही काहींना बिनऔषधाचं जेल, म्हणजे प्लासिबो. हा अन्याय आहे. नसांच्या जाळ्यात पसरणाऱ्या गाठींवरचं औषध सेल्युमेटिनिब, त्याच्या मुलांवरच्या चाचणीत प्लासिबो नव्हता, तरी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालीच ना?

कातळ:
ताई, हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्या चाचणीत ५० मुलं होती, ३५ जणांच्या गाठी निदान २० टक्क्यांनी आकसल्या. औषधामुळेच, हे कशावरून? औषध न घेतलेल्या मुलांच्या गाठी आधीच कित्येक वर्षं एमआरआयवर मोजून ठेवल्या होत्या म्हणून. त्या वाढतच गेल्या होत्या. त्वचेवरच्या गाठी फार सावकाश वाढतात, आणि काही तर औषधाशिवायही लहान होतात. मग प्लासिबोशिवाय जेलचा गुण कसा कळणार?

सुमा_आत्या:
मला दोघांचंही पटत नाही. त्वचेवरच्या गाठींचा कॅन्सर होत नाही. नसांच्या जाळ्यात पसरणाऱ्या प्लेक्झिफॉर्म गाठींचा होऊ शकतो. माझ्या भाचीला तशी आहे, मांडीत. पैसा आधी तिकडे जायला हवा.

रानफूल:
आत्या, भाचीची काळजी समजते. पण जीव जात नाही म्हणून रांगेत शेवटी का? बसमध्ये शेजारची बाई 'याची लागण होते का?' विचारून उठून गेली, तेव्हा मी त्याच्यासोबत होते. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.
कातळ, मोजण्याचं पटलं. प्लासिबोचं नाही. एकेकाच्या अंगावर शेकडो गाठी असतात, मग एका हातावर औषध आणि दुसऱ्यावर साधं जेल का नको? निदान कुणी रिकाम्या हाताने तर परतणार नाही.

कातळ:
औषध रक्तात उतरलं तर दुसऱ्या हातावरही परिणाम होईल, तुलना बिघडेल. पण रक्तात पोचताच लवकर विघटन होईल अशीही औषधं मुद्दाम बनवली जात आहेत. तसं जेल असेल तर तुमची सूचना मला मान्य आहे.