जेल नेलपॉलिशच्या कामानं बोटं फुटतायत, काम सोडू का?

साजवाली
राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत नेल आर्ट करतो. (बाईच आहे. कोल्हापूरची, म्हणून 'करतो'.) सहा वर्षं झाली. एक टेबल, एक लॅम्प, एक ड्रिल, एवढंच दुकान.

पावसाळ्यापासून उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट खाजतंय. आधी वाटलं भांड्याचा साबण असेल. मग कातडी सोलायला लागली, आता भेगा पडल्यात. परवा तांबड्या रश्श्यासाठी लसूण सोलताना डोळ्यात पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या नखावर वेलबुट्टी काढतीस आणि घरची भाकरी थापंना झालीस." खोटं तर नाही.

तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन. यंदा एका नवरीला नखांवर कोल्हापुरी साज पाहिजे. चंद्र, शंख, बेलपान, कासव, मासा, एकेका नखावर एकेक पान. कासव अंगठ्यावर झकास बसतंय. करंगळीवर मासा बसवायचा म्हणजे लायनर ब्रशच्या दोन केसांवर शेपूट. तीन तासांचं काम, वर "पाचशेत बसवा की" आहेच.

ग्लोव्हज घातले की ब्रशचा अंदाज जातो. कुणाला असं झालंय का? क्रीम लावून भागेल, की सोडूनच देऊ?

मिरजकरीण
दोनच बोटं, तीपण उजव्याच हाताची? नखाच्या कडेला आलेलं जेल कशानं पुसता?

साजवाली
अंगठ्यानं. एक झटका मारला की कड साफ. सगळेच करतात की ओ.

मिरजकरीण
मीही तेच करत होते, म्हणून तर विचारलं. लॅम्पखाली जायच्या आधीचं जेल कच्चं असतं. त्यातलं ॲक्रिलेट जातीचं रसायन, विशेषतः हेमा (HEMA) नावाचं, कातडीत शिरतं. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस शरीर बिथरतं. एकदा ॲलर्जी बसली की सहसा जन्मभर सुटत नाही, क्रीमनं फक्त दबते. युरोपात २०२० च्या नियमानं हेमावाली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असं ठरलं. आपण व्यावसायिकच आणि आपलीच बोटं फुटतात, काय बोलायचं!

चामडीच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करा, ॲलर्जी कशाची ते कळतं. तोवर कड लाकडी काडीनं काढा. रबरी लेटेक्सचे मोजे उपयोगाचे नाहीत, नायट्राइल घ्या, पण तेही काही मिनिटांत पाझरतात. जेल लागलं की लगेच बदला. लॅम्प जेलच्या कंपनीनं सांगितलेलाच आहे ना? एकाचं जेल, दुसऱ्याचा लॅम्प असेल तर वरून कडक दिसतं आणि आत कच्चं राहतं. मग गिऱ्हाइकालाही त्रास.

आणि टेस्टमध्ये निघालं तर दाताच्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा. दात भरायच्या मसाल्यात याच जातीचा माल असतो.

रंकाळ्यावरची
मी गिऱ्हाईक. पाचशे म्हणणाऱ्यांत मीपण असते, माफ करा. मोजे रोज किती लागत असतील हे कधी डोक्यातच आलं नाही. पण तीन तास? नवरीला म्हणावं, साज गळ्यात घाल की.

साजवाली
ती गळ्यातपण घालणार आहे, नादच करते ती!

लॅम्पचं खरंय. जेल बदललं दोन वर्षांपूर्वी, लॅम्प जुनाच आहे.

काल जाऊन आलो. सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटवणार, दोन दिवसांनी काढणार, पुन्हा दोन दिवसांनी बघणार. तोवर पाठ भिजवायची नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "भाकरी मी थापतो, तू जा."

नायट्राइलचे घालून मासा काढून बघितला. शेपूट जाड आली. दुसऱ्यांदा जरा बरी.