अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला धर्म विचारावा का?

फैजपूरचे_सर
माझा भाचा आयोवा राज्यात नोकरीला आहे. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या एका कार्यक्रमात रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या विवेक रामस्वामींना एका मतदाराने विचारलं, "देश ज्या धर्माच्या पायावर उभा राहिला तो तुमचा धर्म नाही, म्हणून तुम्ही अध्यक्ष होऊ शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल?" आपण हिंदू आहोत हे त्यांनी लपवलं नाही, शांतपणे उत्तर दिलं. पुढच्याच महिन्यात ते आयोवात चौथे आले आणि शर्यतीतून बाहेर पडले.

माझी बहीण ठामपणे म्हणते, "हिंदू होता म्हणूनच पाडला." मला ते पटत नाही. त्याच शर्यतीतले डिसँटिस आणि हेली तर ख्रिस्तीच आहेत. ट्रम्प यांच्यापुढे तेही टिकले नाहीत.

पण त्या मतदाराचा प्रश्न डोक्यातून जात नाही. मी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलंय, की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. हे बंधन सरकारला आहे, मतदाराला नाही. मग मतदाराने धर्म विचारणं योग्य की अयोग्य? जाणकारांनी लिहावं.

भुसावळची_वाचक
सर, १९२८ आणि १९६० या दोन निवडणुका शेजारी ठेवून बघा. १९२८ ला डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांना उभं केलं. ते कॅथलिक होते. हे निवडून आले तर पोप येऊन देश चालवेल, अशी अफवा गावोगाव पसरली. न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याचा फोटो दाखवून हाच रोमला जाणारा गुप्त रस्ता आहे, असंही लोकांना सांगितलं गेलं! स्मिथ दणकून हरले. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेल्या दक्षिणेतलीही काही राज्यं रिपब्लिकन उमेदवार हूव्हर यांच्याकडे गेली. दारूबंदीला स्मिथ यांचा विरोध होता आणि देशात तेव्हा सुबत्ता होती, हेही खरं. सगळं खापर धर्मावर फोडू नये.

१९६० ला केनेडींची तीच अडचण होती. आधी त्यांनी वेस्ट व्हर्जिनियासारख्या प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या राज्यात पक्षांतर्गत निवडणूक जिंकून दाखवली. मग १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये ते प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत स्वतःहून गेले. मी कॅथलिक पक्षाचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा आहे आणि कॅथलिकही आहे, असं तिथे सांगितलं. पदाचं कर्तव्य आणि सदसद्विवेक यांत कधी तडजोड अशक्य झाली तर राजीनामा देईन, इथवर ते बोलले. धर्म कोणता यापेक्षा आदेश कोणाचा पाळणार, ही लोकांची खरी शंका होती आणि तिलाच त्यांनी हात घातला. मला हे भाषण फार मोलाचं वाटतं. ते जिंकले, तरीही देशभरातल्या मतांत निक्सन यांच्या जेमतेम एक लाखाच्या आसपासच पुढे राहिले. दुसरा कॅथलिक अध्यक्ष यायला बायडन यांच्यापर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत थांबावं लागलं.

अमळनेरकर
सर, माले तर वाटस, लोक धर्म विचारतस पन मत पक्षालेच देतस. १९८० बघा. जिमी कार्टर चर्चमध्ये संडे स्कूल शिकवणारे, धर्म मनापासून जगणारे. समोर रिपब्लिकन रेगन, घटस्फोटित, सिनेमातले. तरी इव्हँजेलिकल (कट्टर बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट) मंडळींची संघटित ताकद रेगन यांच्या मागे उभी राहिली. २०१२ ला रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी मॉर्मन पंथाचे होते. त्या पंथाला ख्रिस्ती मानायलाही तयार नसलेल्या अनेकांनी त्यांनाच मत दिलं.

आपल्याकडचं उदाहरण राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटलांचं. नाडगावची लेक, जळगावात शिकलेली, एदलाबादची आमदार. २००७ ला शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही त्या आघाडीचा पाठिंबा असलेल्या शेखावतांना सोडून ताईंच्या बाजूने गेली, कारण ताई मराठी. तिथे भाषेचं नातं भारी ठरलं.

धुळ्याचा_वकील
अमळनेरकर दादा, एक फरक लक्षात घ्या. आपला राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, अमेरिकेत औपचारिक निवड निर्वाचक करत असले तरी लोक स्वतः मतदानाला उतरतात. त्यामुळे दोन्हीकडचा हिशोब सारखा नाही. आपल्या घटनेच्या ५८ व्या अनुच्छेदात नागरिकत्व, वयाची ३५ वर्षं, लोकसभेसाठीची पात्रता आणि लाभाचं पद नसणं एवढ्याच अटी आहेत. धर्माचा उल्लेख नाही. पाकिस्तानात अध्यक्ष मुस्लिमच असावा लागतो. लेबनॉनमध्ये १९४३ पासूनच्या प्रथेने तो मॅरोनाइट ख्रिस्ती असतो.

झाकिर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले, तेही माजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्याशी लढून. खासदार-आमदारांच्या निवडणुकीत मात्र धर्माच्या नावाने मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचार ठरतो. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा व्यापक अर्थ लावला, मतदाराच्या धर्माचा आधार घेणंही त्यात आणलं. मतदाराने मनात काय ठेवावं, यावर कायदा बोलत नाही आणि बोलूही नये.

फैजपूरचे_सर
ताई, केनेडींचा मुद्दा मी बहिणीला जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. आदेश कोणाचा पाळणार हे विचारायचा हक्क मतदाराला आहेच, आणि हा प्रश्न हिंदूला, ख्रिस्त्याला, देव न मानणाऱ्याला, सगळ्यांना सारखाच विचारता येतो. फक्त एकालाच विचारला की तो अन्याय होतो. रामस्वामींच्या बाबतीत मला तेच खुपलं. त्या शर्यतीतल्या ख्रिस्ती उमेदवारांना त्यांचा धर्म देशाच्या पायाशी जुळतो का, असं कोणी विचारायला गेलं नाही.

आमच्या फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, कर्मकांडापासून उघडपणे दूर राहणारे. त्या अधिवेशनासाठी खेडोपाडी राबले ते साने गुरुजी, ज्यांच्या भक्तीविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. आता मुलांना हा विषय सांगताना केनेडींच्या आधी मी हेच सांगेन.

वकीलसाहेब, त्या २०१७ च्या निकालातल्या तीन न्यायमूर्तींचं वेगळं मत काय होतं, तेही सवडीने लिहा.