प्रतिसाद: मुलाखत ही औपचारिकता नव्हे
गुणपत्रक आणि एडीएटीचे (तिथल्या पदव्युत्तर दंतचिकित्सा प्रवेशासाठीच्या परीक्षेचे) गुण भक्कम असले की अमेरिकेतील बालदंतचिकित्सा रेसिडेन्सीची (पदव्युत्तर प्रशिक्षणाची) मुलाखत ही औपचारिकताच उरते, हे इथल्या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. आपल्याकडे नीट-एमडीएस या दंतचिकित्सेच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीवर प्रवेश ठरतो, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मुलाखतीत मात्र गुणांविषयी एकही प्रश्न आला नाही. सांगलीच्या दवाखान्यात, तासगावहून आजीबरोबर आलेल्या आणि खुर्चीवर बसायलाच तयार नसलेल्या ५ वर्षांच्या मुलीला मी कसे हाताळले, यावरच बराच वेळ चर्चा झाली. ‘टेल-शो-डू’ (मुलाला आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे) एवढे म्हणून भागले नाही, आजीला आत का थांबू दिले हेही विचारले गेले.

मॅच, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा ठरवण्याची पद्धत; तिच्यासाठी द्यायच्या पसंतीयादीविषयी इथे कोणी लिहिलेले दिसत नाही. ती खऱ्या आवडीच्या क्रमानेच द्यावी, कारण मिळायला अवघड प्रोग्रॅम वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. अभ्यासक्रम किमान २४ महिन्यांचा असतो, आणि काही ठिकाणी स्टायपेंड मिळतो तर काही ठिकाणी उलट शुल्क भरावे लागते; निकाल बंधनकारक असल्याने हा हिशेब (घरच्यांशी बोलून) यादी देण्यापूर्वीच करावा लागतो.